कार्ड बदलावं की नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार

ग्राफिक्स कार्ड मरायला टेकलंय. नक्की!

संध्याकाळी धाकट्याबरोबर सराव चालू होता. सातवी फेरी, लांब सरळ रस्ता, गाडी पूर्ण वेगात — आणि स्क्रीनच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात लख्खकन चमकलं. वेल्डिंगची ठिणगी उडावी तसं. मी दचकलो, गाडी भिंतीत.

हेडफोनमधून धाकटा ओरडला, "दादा! सरळ रस्त्यावर? सरळ रस्त्यावर कोण मरतं?"

"स्क्रीन चमकली रे."

"कार्ड. सहा वर्षं झाली त्याला. आता त्याला पेन्शन दे आणि नवं आण."

आम्ही दोघं भाऊ भेटतो ते असे. तो तीन तासांवरच्या गावात त्याच्या खोलीत, मी इथे माझ्या. तो दिवसभर शाळेची बस हाकतो, मी टॉवर क्रेनच्या कॅबिनमध्ये बसून लोखंड उचलतो, आणि संध्याकाळी दोघंही खोट्या गाड्या पळवतो. ही म्हणते, "दिवसभर दांडे ओढून पोट भरत नाही का तुमचं?" नाही भरत.

२८ तारखेला सहा तासांची मोठी शर्यत आहे. एक गाडी, दोन ड्रायव्हर, आलटून पालटून. चार वर्षं आम्ही पहिल्या दहात येण्यासाठी धडपडतोय. आणि कार्ड आत्ता मरणार!


५ फेब्रुवारी, गुरुवार

कॅबिनेट उघडलं. धूळ बघून लाज वाटली. ब्लोअर मारला, पंखे पुसले, कार्ड काढून पुन्हा घट्ट बसवलं. नेटवर शोधलं तर सगळे एकच सांगतात — आधी ड्रायव्हर बदला. कॉम्प्युटरमधला म्हणे, शर्यतीतला नाही. तोही बदलला.


६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एकदाही चमकलं नाही. धूळच होती! उगाच घाबरलो.


८ फेब्रुवारी, रविवार

धूळ नव्हती.

दिवसा खिडकी उघडी ठेवून खेळायला बसलो तर स्क्रीनवर काळे ठिपके. काजळी उडाल्यासारखे. मला वाटलं पिक्सेल मेले. पण मेलेले पिक्सेल जागेवर राहतात, हे सरकतात. मी बघायला गेलो की पळतात.

हिला बोलावलं. ही छापखान्यात प्रुफं तपासते, अनुस्वार सुटला तरी तिला वाऱ्यावरून कळतं. खुर्चीत बसली, चष्मा वर केला, स्क्रीनला नाक लावलं. कोपरा न् कोपरा तपासला.

"काही नाही."

"ते बघ, आत्ता गेला ना उजवीकडे!"

"कुठे?"

"गेला आता."

तिने माझ्याकडे बघितलं, पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. "मला तर सगळं स्वच्छ दिसतंय," म्हणाली आणि कुकर बंद करायला गेली.

म्हणजे दोष अधूनमधून येणारा आहे. असले दोष सगळ्यात वाईट. दुकानात नेलं की हमखास शहाण्यासारखे वागतात.


१० फेब्रुवारी, मंगळवार

आता तर प्रश्नच मिटला. गेमचं नवं अपडेट शनिवारी येतंय — पाऊस, ओला रस्ता, समोरच्या गाडीचे फवारे. खाली बारीक अक्षरात यादी: कमीत कमी कोणतं कार्ड लागेल. माझं त्या यादीत नाही. शर्यत नव्या अपडेटवरच होणार.

धाकटा म्हणाला, "बघ! देवानेच निकाल दिला."

पण नवं कार्ड म्हणजे नुसतं कार्ड नव्हे. तीन पंख्यांचं धूड, माझ्या कॅबिनेटमध्ये मावेल की नाही शंका. जुना पॉवर सप्लाय त्याला पुरणार नाही. किंमत माझ्या महिन्याभराच्या पगाराएवढी. हिला विचारायचं कोणत्या तोंडाने? ती अजून बाहेरच्या खोलीतला पंखा बदलायचा म्हणतेय.

बरं, घ्यायला माझी ना नाही. पण हात पुढे होत नाही. का, ते कळत नाही.


११ फेब्रुवारी, बुधवार

कॅबिनची काच पुसली. आतून पुसली, मग कंबरेला पट्टा अडकवून बाहेर वाकून बाहेरूनही. चाळीस मीटर उंचीवर, वारा असताना! तरी आकाशाकडे बघितलं की ठिपके आहेतच.

खालून शिट्टीने वॉकीटॉकीवर विचारलं, "काय रे, आज दिवाणखाना सजवतोयस का?"

शिट्टी म्हणजे माझा सिग्नलमन. बोलताना दातांतून शिट्टी वाजते म्हणून शिट्टी. नऊ वर्षं तो खाली आणि मी वर. माझे डोळे हुकावर असतात, पण हुकाच्या खाली काय चाललंय ते मला शिट्टी सांगतो. दोन हात वर, अर्धा हात डावीकडे, थांब. त्याच्या आवाजावर मी सुईत दोरा ओवावा तशी सळ्यांची बंडलं ओवलीत.

"काचेवर ठिपके पडलेत," मी म्हणालो.

"बरं," म्हणाला. पुढे काही बोलला नाही. शिट्टी, आणि पुढे काही बोलला नाही!


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्धी सुट्टी टाकून अख्खं कॅबिनेट उचललं आणि दुकानात नेलं. स्टेशनरीच्या दुकानामागे लांबट खोली, टेबलभर उघडे कॉम्प्युटर. दुरुस्ती एक बाई करते, चाळिशीची, कपाळाला दिवा बांधलेला. लोक तिला कार्डवाली ताई म्हणतात.

मी सगळं सांगितलं — चमक, ठिपके. आणि परवापासून नवीनच: कधीकधी उजवीकडचा वरचा कोपरा करडा पडतो, धूर साचल्यासारखा.

तिने माझं कार्ड काढून स्वतःच्या मशीनला लावलं आणि जोरदार चाचणी सुरू केली. पंखे गर्जायला लागले. मी तीन तास स्टुलावर. मध्ये तिने मला चहा दिला, स्वतःचा गार होऊ दिला.

शेवटी म्हणाली, "कार्ड ठणठणीत आहे."

"नाही हो ताई. आत्तासुद्धा चमकलं!"

"कधी?"

"आत्ता. तुम्ही कप उचललात तेव्हा."

ती स्क्रीनकडे बघत होती. कप तिने नजर न हलवताच उचलला होता. कपाळावरचा दिवा विझवून ती हळूच म्हणाली, "ही माझी स्क्रीन आहे. वायर माझी, मशीन माझं. यात तुमचं फक्त कार्ड. आणि मला काही दिसलं नाही... घरी दुसऱ्या कुणाला दिसतं का हे?"

मी म्हणालो, माझी बायको गेम खेळत नाही.

उत्तर नव्हतंच ते. तिलाही कळलं. तिने पैसे घेतले नाहीत. मला त्याचाच जास्त राग आला.

बाईला तापमान तपासताच येत नसेल. एवढंसं तर दुकान.


१४ फेब्रुवारी, शनिवार

अपडेट आलं. जुन्या कार्डावर उघडतच नाही. काळी स्क्रीन, खाली एक ओळ.

ही मागे उभी होती. म्हणाली, "मेलं एकदाचं. आता खरं सांग, ती दुकानातली बाई काय म्हणाली?"

"कार्ड ठीक आहे म्हणाली. तिला काही कळत नाही."

"मग ठिपके कसले?"

"तेच तर शोधतोय!"

"एक डोळा मिटून बघ."

मी म्हणालो, काय?

"एक डोळा मीट, दुसऱ्याने बघ. मग दुसरा मीट. दोन मिनिटांचं काम आहे. फुकट."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. पंधरा वर्षांत एवढा आवाज चढवला नव्हता. ही प्रुफांचा गठ्ठा घेऊन बाल्कनीत गेली आणि दार लावून घेतलं.

मी डोळा मिटला नाही.


१५ फेब्रुवारी, रविवार

इथे तरी खरं लिहावं. ही वही कुणी वाचत नाही.

३ मार्चला क्रेनवाल्यांची वार्षिक तपासणी आहे. रक्तदाब, कान, डोळे. मला लहानपणापासून मोठा नंबर. बाटलीच्या बुडासारखा चष्मा, पण चष्म्याने सगळं स्वच्छ दिसतं, म्हणून दरवर्षी पास होतो. भिंतीवरची अक्षरं मी पाठ केलेली नाहीत. या वर्षी मनात आलं — पाठ करावीत का? परवा जेवता जेवता आलं.

वीस वर्षं मी वर चढतोय. शिडीच्या शंभरेक पायऱ्या. वर पोचलो की दार लावतो आणि अख्खं गाव पायाखाली. मला दुसरं काही येत नाही. खाली मी एक जाड चष्म्याचा माणूस आहे, चार लोकांत बोलायला अडखळतो. वर मी चार टनांची भिंत बोटाएवढ्या फटीत बसवतो.

कार्ड बिघडलं असेल तर ते बदलता येतं.

आणि बदलून बघितलं नाही तोवर ते बिघडलेलं असू शकतं.


१७ फेब्रुवारी, मंगळवार

आणलं!

धाकटा ऐकेना. "दादा, दहा दिवस उरलेत. तू नसलास तर मी एकटा सहा तास चालवू? तुला परवडत नसेल तर अर्धं मी घालतो, पण घे." शेवटी गेलो आणि घेऊन आलो. कार्डवाल्या ताईकडे गेलो नाही, मोठ्या दुकानातून आणलं. पॉवर सप्लायही.

हिने खोक्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. "जेवायला वाढू?" एवढंच.

शनिवारपासून आमचं बोलणं असंच, कामापुरतं.

खोकं टेबलावर. उद्या बसवतो, आज दमलोय.


१८ फेब्रुवारी, बुधवार

आज नाही जमलं. पाठ दुखते.


१९ फेब्रुवारी, गुरुवार

खोकं अजून बंद. धाकट्याला सांगितलं, पॉवर सप्लायची वायर चुकीची आली, बदलून आणतोय. सख्ख्या भावाशी खोटं. वायरीवरून!

साइटवर सळ्यांचं बंडल उतरवताना ते माझ्या अंदाजाआधीच टेकलं. धाडकन नाही, पण टेकलं. शिट्टी आजकाल फार बोलतो. एरवी "दोन हात... एक... बस" म्हणायचा. आता वितीवितीचं मोजतो. मला राग येतो. मी काय काल आलोय?


२० फेब्रुवारी, शुक्रवार

बसवलं.

कॅबिनेटमधला हार्ड डिस्कचा पिंजरा स्क्रू काढून बाहेर काढावा लागला, तेव्हा कुठे ते धूड आत गेलं. दोन स्क्रू हातून पडले, सापडेनात. मी फरशीवर हात फिरवत बसलो होतो. ही आली, वाकली, दोन्ही उचलून माझ्या तळहातावर ठेवले. माझ्या गुडघ्याजवळच होते.

नवा पॉवर सप्लाय, जाड वायरी, सगळं जोडलं. बटण दाबलं. पंखे फिरले.

गेम उघडला. काय सुरेख दिसतं! ओल्या रस्त्यावर दिव्यांचं प्रतिबिंब, काचेवर ओघळणारे थेंब. अर्धा मिनिट मी सगळं विसरलो. मग सरळ रस्ता आला, कडेला लांबच लांब पांढरी पट्टी.

पट्टी वाकडी होती. मधोमध पोक काढल्यासारखी. वरचा उजवा कोपरा करडा.

गाडी थांबवली. पट्टी वाकडीच.

हेडफोनमध्ये धाकटा विचारत होता, "काय म्हणतं नवं कार्ड? दादा? बोल ना!"

मी म्हणालो, "झकास."

नवं कार्डही खराब निघालं. असं होतं कधीकधी. एखादा नग निघतो तसा. बदलून देतात.


२१ फेब्रुवारी, शनिवार

लिहायला बसलोय ते हॉस्पिटलच्या बाकावर. ही औषधांच्या खिडकीपाशी रांगेत आहे. क्रमानेच लिहितो.

सकाळी अकराव्या मजल्यावर भिंतीची तयार पॅनेलं बसवायची होती. चौथं पॅनेल. चार टन. वर दोन फिटर वाट बघत उभे, दोघांच्या हातात पॅनेलला बांधलेले दोर. त्यांच्या पाठीमागे लिफ्टची उघडी विहीर.

शिट्टीही अकराव्यावरच होता. "खाली... खाली... हळू... एक हात... पाऊण..."

मला दिसलं, पॅनेल वाकलंय. काँक्रीटचं पॅनेल, उभी कड धनुष्यासारखी! वाटलं तुटणार. मी ओरडलो, "शिट्टी, पॅनेल वाकलंय! तडा आहे का बघ!"

"नाही वाकलेलं."

"नीट बघ!"

"नीट बघितलं. सरळ आहे." मग जरा थांबून, शिट्टी न वाजवता, "सरळच आहे रे."

मी लिव्हर सोडला. ब्रेक लागला. पॅनेल लोंबकळत राहिलं, दोघांच्या डोक्यापासून हातभर दूर.

आणि मी डावा डोळा मिटला.

एक फिटर नाहीसा झाला.

डोळा उघडला — दोघं. मिटला — एकच. उजवीकडचा माणूस, पिवळं हेल्मेट, हातात दोर... तिथे नुसता करडा पडदा. पुन्हा उघडला. तो वर बघत होता, माझ्याकडे. हसत असावा. उशीर का होतोय म्हणून त्याने हात हलवला.

किती वेळ गेला माहीत नाही. शिट्टी म्हणतो, चार-पाच सेकंद.

वॉकीटॉकीचा चॅनेल सगळ्या साइटला ऐकू येतो. साहेबांच्या केबिनमध्येही. मला ते माहीत होतं. मी बटण दाबलं आणि म्हणालो, "मला नीट दिसत नाहीये. उजव्या डोळ्याने. फिटरांना बाजूला घे. मी हलवणार काही नाही, नुसतं धरून ठेवतो. दुसरा ऑपरेटर वर पाठवा."

शिट्टी म्हणाला: "दोघं बाजूला झाले. मोकळं आहे. तू फक्त बस. मी आहे."

दुसरा ऑपरेटर वर येईपर्यंत बावीस मिनिटं. मी लिव्हरशेजारची कड घट्ट धरून पॅनेलकडे बघत राहिलो. दुसऱ्या ऑपरेटरने आत शिरून माझ्या हातावर हात ठेवला तेव्हा माझी बोटं उघडेनात. त्यानेच एकेक सोडवली.

उतरायचं होतं. शिडीकडे बघितलं तर पायऱ्या लाटांसारख्या. तेवढ्यात खालून शिट्टीचं डोकं दिसलं. छप्पन्न वर्षांचा माणूस, गुडघे गेलेला, चढून आला होता.

"माझ्याकडे पाठ कर," म्हणाला. "डोळे मिट. तसेही त्यांचा काही उपयोग नाही."

तो माझ्या एक पायरी खाली. माझ्या बुटाला धरून पाय पायरीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "खाली... खाली... बस. आता डावा. अर्धा हात... बस." पूर्ण शिडी. तोच आवाज, तेच शब्द.

खाली साहेब उभे होते. मला वाटलं ओरडतील. त्यांनी गाडीचं दार उघडून धरलं.

हिला कुणी कळवलं माहीत नाही. माझ्याआधी ती हॉस्पिटलच्या दारात होती. बोटाला लाल शाई तशीच.


२२ फेब्रुवारी, रविवार

उद्या सकाळी ऑपरेशन. आजच करायचं होतं, यंत्र रिकामं नाही.

डॉक्टर वयस्कर आहेत, कमी बोलणारे. म्हणाले, डोळ्याच्या आत पडदा असतो, भिंतीवरचा कागद ओलीने सुटावा तसा तो सुटलाय. आधी भोक पडलं, तेव्हा ठिणग्या आणि काजळी. मग तो सुटत गेला. "सरळ रेषा वाकड्या कधीपासून दिसतात?"

"परवापासून," मी म्हणालो.

ही मागून म्हणाली, "सोमवारपासून. दाराच्या चौकटीवर हात फिरवून बघत होता."

डॉक्टरांनी कागदावरचं खोडलं आणि नवं लिहिलं. मला वाटलं होतं, कुणी बघत नव्हतं.

"ठिणग्या दिसल्या त्याच आठवड्यात आला असतात तर लेझरवर भागलं असतं. आता बघू, किती वाचतं ते."

मग विचारलं, घरात आणखी कुणाला? मी सांगितलं, बाबांचा डावा डोळा गेला होता. ते गॅरेजमध्ये होते, वेल्डिंगची ठिणगी लागली असं सगळे म्हणायचे.

डॉक्टर लिहायचे थांबले. "ठिणगी लागली होती, की ठिणग्या दिसल्या होत्या?"

बाबा एवढंच म्हणायचे — ठिणगी आली आणि डोळा गेला. आम्ही कधी पुढे विचारलंच नाही.

"भावंडं आहेत? त्यांना तपासून घ्यायला सांगा. मोठा नंबर असेल तर आधी."

धाकट्याचा नंबर माझ्यापेक्षा दीडने जास्त.

फोन केला. आधी माझं ऐकून तो रडला, मग चिडला — "ठिपके दिसत होते आणि मला झकास म्हणालास?" तपासणीचं काढलं तर उडवून लावलं. "मला काय धाड भरलीय! आधी तू बरा हो. शाळेच्या परीक्षा जवळ आल्यात, मला एक दिवस सुट्टी नाही."


२६ फेब्रुवारी, गुरुवार

अक्षर वाकडंतिकडं येतंय. पालथं पडून, मान खाली घालून लिहितोय. डोळ्यात हवेचा बुडबुडा भरलाय, त्याने पडदा आतून दाबून धरायचा. म्हणून दहा दिवस तोंड जमिनीकडे. जेवण तसंच, झोप तशीच. घरी आल्यापासून मी माणसांना त्यांच्या पायांवरून ओळखतो.

आज शिट्टीचे पाय आले. बुटांना सिमेंट.

म्हणाला, "मला कळलं होतं. तू काच पुसलीस त्या दिवशीच. काच स्वच्छ होती."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुला उतरवलं असतं. म्हटलं, असेल चार दिवसांचं. मी जास्त मोजून सांगेन, तू निभावशील." त्याचे पाय एकमेकांवर घासत होते. "त्या दोघांना मी तुझ्या भरवशावर उभं केलं नव्हतं. माझ्या भरवशावर केलं होतं. आणि माझं गणित चुकलं असतं तर?"

मी नव्या कार्डाला दोष देत होतो, तो मला आवाजावर चालवत होता. दोघांनाही वाटत होतं आपण कुणाचं तरी भलं करतोय.

जाताना त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. तोंड फिरवून रडता येत नाही पालथ्या माणसाला. थेंब सरळ फरशीवर पडतात.

क्रेन आता नाही. डॉक्टरांनी शब्द फिरवून सांगितलं, पण सांगितलं. एका डोळ्यावर ते वर पाठवणार नाहीत. साहेबांचा निरोप आहे, सिग्नलचं काम शिक, बरा झालास की बघू. मी अजून हो म्हटलेलं नाही. हिने विचारलंही नाही. रोज संध्याकाळी माझ्या बाजूला फरशीवर आडवी होते, डोकं उलटं करून माझ्याशी बोलते. पंचेचाळिशीची बाई! काल छापखान्यातल्या चुका वाचून दाखवल्या. "मुख्यमंत्री" च्या जागी "मूर्खमंत्री". इतकं हसलो की ती घाबरली, बुडबुडा फुटेल म्हणून.


२८ फेब्रुवारी, शनिवार

आज शर्यत होती. धाकट्याने आमच्या गाडीचं नाव शर्यतीतून काढून घेतलं.

सकाळपासून तीनदा फोन केला. प्रत्येक वेळी तेच — तपासणी केलीस का? तिसऱ्यांदा तो खेकसला, "तू काय माझा बाप आहेस?"

मी म्हणालो, "बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं."

त्याने फोन ठेवला.


२ मार्च, सोमवार

हिने परस्पर त्याच्या बायकोला फोन केला. काय बोलल्या माहीत नाही. अर्धा तास बोलत होत्या. मला फक्त पाय दिसत होते, येरझाऱ्या घालणारे.


४ मार्च, बुधवार

धाकट्याचा फोन. आज तपासून आला. दोन्ही डोळे. उजव्यात एक भोक, डाव्यात दोन. पडदा अजून सुटलेला नाही. तिथल्या तिथे लेझर मारलं, नजर वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं.

मग बराच वेळ बोलला नाही. मी म्हणालो, अरे, बोल ना.

"दादा, मलाही चमकायचं. दिवाळीपासून. मी तुला सांगितलं नाही... डिसेंबरातच मी माझं कार्ड बदललं होतं."

रोज सकाळी त्याच्या बसमध्ये अडतीस मुलं असतात.